सेवेरिनाच्या मयताचं चीज

१

सेवेरिना रुप्पेन रविवारी पहाटे गेली, आणि सोमवारी दुपारी तिच्या मयताचं चीज चोरीला गेल्याचं उघडकीला आलं. पहिल्या बातमीने होबील गाव रडलं. दुसऱ्या बातमीने हबकलं.

माणूस जातंच. माणसाचं चीज मात्र जागचं हलत नाही. पोर पहिल्यांदा उन्हाळी कुरणावर कामाला गेलं की त्या उन्हाळ्यातलं चीजचं एक चाक त्याच्या नावाने बाजूला काढायचं, कोठारातल्या फळीवर ठेवायचं, आणि कापायचं ते थेट त्याच्या दफनाच्या दिवशी. सगळ्या गावाने बसून ते संपवायचं. ज्याचं चीज खाल्लं गेलं तो नीट गेला. ज्याचं राहिलं, त्याच्याविषयी होबीलमध्ये कोणी फारसं बोलत नसे.

सेवेरिनाची नणंद आडेलिना धापा टाकत पाटावर आली तेव्हा अख्खं गाव तिथेच होतं. हिमनदीचं पाणी डोंगराच्या कडेकडेने गावाच्या गवतापर्यंत आणणारा हा पाट एप्रिलअखेर सगळ्यांनी मिळून साफ करायचा असतो. घरात मयत पडलं म्हणून पाणी थांबत नाही.

"ओलिवा! अगं टाक ते फावडं! वहिनीचं चीज गेलं!"

"गेलं म्हणजे? उंदरांनी खाल्लं?"

"उंदीर कुलूप लावून जातात का? पुसून ठेवावं म्हणून गेले, तर फळी रिकामी!"

ओलिवा वाल्पेनने फावडं टाकलं. तिची अख्खी नोकरी खालच्या शहरात, पोलिसखात्यात गेली होती. निवृत्त होऊन गावी आली ती शांतपणे कोबी लावायला, आणि लोक अजून तिच्याकडे हरवलेल्या शेळ्यांच्या तक्रारी घेऊन येत. पण ही गोष्ट निराळी होती. सेवेरिना तिची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हिला हातात धरलं होतं. बुधवारी सकाळी तिचं दफन होतं, आणि त्या जेवणात वाढायला तिचं चीज नव्हतं.

२

होबीलची कोठारं खांबांवर आडव्या बसवलेल्या दगडी चकत्यांवर उभी असतात, उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून. माणसांसाठी मात्र किल्ली छपराच्या वळचणीला टांगलेली, आणि ती कुठे आहे हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक.

कुलूप शाबूत होतं. आत थंड, खारट अंधार. भिंतीलगत लांब फळी, फळीच्या कडेवर ज्याच्या त्याच्या कोरलेल्या खुणा, आणि प्रत्येक खुणेच्या वर एकेक चाक. सेवेरिनाच्या खुणेवर नुसता एक गोल डाग राहिला होता.

ओलिवा त्या डागाकडे बघत राहिली. हे चीज तळाच्या कुरणातलं होतं. ते कुरण आता नाही. वीज काढायला धरण बांधलं आणि कुरण तळ्याखाली गेलं, ओलिवाच्या जन्माच्याही आधी. तिथल्या गवताचं शेवटचं चीज म्हणजे हे एवढंच. ज्यांची ज्यांची तिथली चाकं होती ते एकेक करून गेले आणि चाकंही त्यांच्याबरोबर संपली. फळीवरची बाकीची चाकं वरच्या कुरणांतली होती, ज्याचा त्याचा पहिला उन्हाळा जिथे गेला तिथली. लहानपणी ती सेवेरिनाच्या मांडीवर डोकं ठेवून त्या कुरणाच्या गोष्टी ऐकायची. जे कधी पाहिलं नाही त्या जागेची तिला आयुष्यभर ओढ लागून राहिली होती. शहरात भाड्याच्या खोलीत झोप येईना, तेव्हा ती मनाने तिथेच जायची.

तिने डोळे पुसले आणि ती कामाला लागली. फळीवरची बाकीची चाकं जागच्या जागी होती. वरून ओलसर, फिकट, नुकतीच तोंडं धुऊन बसवलेल्या पोरांसारखी. मधलं एक तेवढं काळपट आणि धुळीने माखलेलं. खूण मैनराड शेर्पफची. म्हणजे मालकासारखंच, ओलिवा मनात म्हणाली. त्या म्हाताऱ्यानेही वर्षानुवर्षं तोंड धुतल्यासारखं दिसत नव्हतं.

तिची स्वतःची खूण फळीवर कुठेच नव्हती. ती कुरणावर कामाला जाण्याआधीच गाव सोडून गेली होती. बाहेर जाणाऱ्यांसाठी कोणी चीज ठेवत नाही.

"काही कळलं का?" बाहेरून आडेलिनाने विचारलं. तिला आत यायचं धाडस होत नव्हतं.

"कळलं. चोर गावातलाच आहे, सवडीने आला होता, आणि जाताना किल्ली जागेवर लावून गेला."

"येशू मारिया! म्हणजे आपल्यातलाच!"

३

आडेलिनाच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की मध्ये प्रश्न विचारावा लागत नाही.

"मी कोणाचं नाव घेत नाही हं. पण ओथमार आलाय ना बर्नहून. आईला बघायला वर्षातून एकदा यायचा, तेही बूट न काढता. मागे तो संग्रहालयवाला आला होता बघ, चीज काचेच्या पेटीत ठेवतो म्हणणारा? ओथमारच घेऊन आला होता त्याला. वहिनीने दारातूनच हाकलला."

"तू आज सकाळपासून कुठे होतीस?"

"मी? रांधत होते! पाटावरच्या एवढ्या माणसांचं जेवण काय आभाळातून पडलं?" मग एकदम तिचा चेहरा उतरला. "ओलिवा, तुला मी वाटते का गं?"

"मला सगळेच वाटतात. ती खात्याची खोड आहे."

सेवेरिनाचा मुलगा ओथमार आईच्या शेजारी बसला होता. तिला काळा पोशाख घातला होता, हातांत जपमाळ गुंफली होती. बाहेरच्या खोलीत येऊन त्याने दार ओढून घेतलं.

"हो, संग्रहालयवाला मीच आणला होता," तो म्हणाला. "चुकलंच. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, मला काचेत ठेव आणि चीज खा, त्यापेक्षा. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी."

"रविवारी चीज होतं?"

"संध्याकाळी मी स्वतः जाऊन बघून आलो. हात नाही लावला. नुसता उभा राहिलो." त्याने ओढलेल्या दाराकडे बघितलं. "ओलिवाताई, मी तिला कधी वेळ दिला नाही. आता हे एवढं एकच करायचं होतं माझ्या हातून, सगळ्यांना नीट वाढायचं. तेही जमू नये?"

ओलिवाने त्याचा खांदा दाबला. "कोणाचा संशय?"

"मैनराड शेर्पफ, दुसरं कोण? माझ्या जन्माआधीपासून आमच्या घराशी अबोला आहे त्याचा. पाण्याच्या पाळीवरून बिनसलं म्हणतात. बाबा वारले तेव्हाही आला नाही."

मैनराड आपल्या अंगणात लाकडं फोडत होता. ओलिवाला बघून त्याने कुऱ्हाड थांबवली नाही.

"आज पाटावर कुठे होतास, मैनराडकाका?"

"मुखाशी. वर. एकटा. मला एकट्यालाच धाडतात तिथे, माझं कोणाशी पटत नाही म्हणून. साक्षीदार हवा असेल तर हिमनदीला विचार."

"सेवेरिनामावशीचं चीज गेलं."

कुऱ्हाड ओंडक्यात रुतली, आणि या खेपेला त्याने ती उपसली नाही.

"मला काय करायचंय त्याच्याशी?" तो म्हणाला. "अबोला असलेल्याने मयताच्या जेवणाला जायचं नसतं. मला कोण वाढणार होतं त्यातला तुकडा?"

तो आत गेला. ओलिवा अंगणात उभी राहिली. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याच्या आवाजात राग मुळीच नव्हता, आणि तेच तिला खटकत राहिलं.

४

मंगळवार उजाडला. दफनाला एकच दिवस उरला, आणि ओलिवाच्या हाती धुपाटणंसुद्धा नव्हतं. चर्चशेजारच्या बाकावर थेओफिल ऊन खात बसला होता. नव्वदी ओलांडलेला हा म्हातारा एके काळी तळाच्या कुरणावर चीज करत असे. त्याच्या हाताखाली निम्मं गाव शिकलं.

"थेओफिलबाबा, कोठारात कधी गेला होतास?"

"गुडघा गेला तेव्हापासून नाही. गेलो असतो तर तुम्हा सगळ्यांना काठीने बडवलं असतं." म्हाताऱ्याचा पारा चढला. "वर्षातून दोनदा चाकं पुसायची, उलटी करायची. खालची बाजू वर, वरची खाली. लाकडावर पडून पडून कुजतात ती. कोण करतं आता? फळीवर धुळीचा थर बसला असेल!"

"नाही रे बाबा. चांगली स्वच्छ आहेत. वरून ओलसर, फिकट—"

ओलिवा बोलता बोलता थांबली.

"ओलसर?" थेओफिल म्हणाला. "वरून? म्हणजे कोणीतरी उलटी केलीत. लाकडाला टेकलेली बाजू ओलसर असते. आणि ताजीच उलटलीत, नाहीतर सुकली असती."

"आडेलिना तर रिकामी फळी बघून तशीच पळत आली. ओथमार म्हणतो त्याने हात लावला नाही."

"ओथमारला काय कळतंय? त्याने चाक पाहिलंय ते शहरातल्या दुकानात." म्हातारा हसला. "ज्याने माझ्याकडे काम केलं त्याचे हात करतात हे. शिळ्या बाजूवर पडलेलं चाक दिसलं की उलटल्याशिवाय तो पुढे जाऊच शकत नाही. डोकं दुसरीकडे असलं तरी हात करून मोकळे होतात. मी अजून झोपेत उशी उलटतो."

"तुझ्याकडे शिकलेले आता कोण उरलेत?"

"सेवेरिना गेली. आडेलिना आहे. मैनराड आहे. आणि मी, मला चोर धरायचं असेल तर. पण मला ती पायरी चढवायला दोन माणसं लागतील."

ओलिवाच्या डोळ्यांपुढे ती फळी उभी राहिली. फिकट, ओलसर चाकं. आणि मध्ये एक धुळकट.

"बाबा, सगळी उलटली आणि एकच सोडलं, असं कोण करेल? घाईत राहिलं असेल?"

"शेवटचं राहिलं असेल तर घाई."

"मधलं आहे."

थेओफिलने तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरून गेलं.

"शहरात राहून विसरलीस होय गं," तो हळू आवाजात म्हणाला. "आपल्या स्वतःच्या मयताच्या चीजला आपण हात लावत नाही. ते शेजाऱ्याने पुसायचं, शेजाऱ्याने उलटायचं. स्वतः शिवलं म्हणजे मरण बोलावलं. चोरी करताना बाकी सगळं विसरेल माणूस. हे नाही विसरणार."

आडेलिनाचं चाक उलटलेलं होतं. थेओफिलचंही. ओलिवा उठली आणि मैनराडच्या घराकडे निघाली. दार सताड उघडं होतं, चूल थंड होती, आणि भिंतीवरची पाठीला ओझं बांधायची लाकडी चौकट जाग्यावर नव्हती.

५

चाक पाठीला बांधून तो कुठे गेला असेल याचा तिला विचार करावाच लागला नाही.

वसंतात धरणाचं तळं सगळ्यात रिकामं असतं. हिवाळाभर वीज करून पाणी उतरलेलं, आणि बर्फ अजून वितळायचं. तेव्हा तळाच्या कुरणावरच्या झोपडीच्या भिंती चिखलातून वर येतात. काही दिवसच. ओलिवा आयुष्यात पहिल्यांदाच तिथे उतरली. लहानपणापासून ज्या हिरव्या उताराची स्वप्नं पाहिली, तिथे करडा, भेगाळलेला गाळ होता. गवताची एक काडी नव्हती.

मोडक्या भिंतीवर मैनराड बसला होता. पायाशी चौकट, तिला बांधलेलं चाक.

"आलीस?" तो म्हणाला. "मला वाटलंच होतं, तू येशील. कशावरून ओळखलंस?"

"बाकीची उलटलीस. स्वतःचं नाही."

त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "उलटली? मी?" मग तो कडवट हसला. "हो, उलटली असणार. मला आठवतसुद्धा नाही बघ."

ती त्याच्या शेजारी बसली. थंडी हाडांत शिरत होती.

"पाण्याच्या पाळीवरून नव्हतं ना तुमचं भांडण?"

"पाण्याची पाळी लोकांनी लावली. लोकांना काहीतरी लागतंच बोलायला." त्याने तिच्या पायाखालच्या दगडांकडे बोट केलं. "तू बसलीस ना, तिथे चूल होती. त्या आठवड्यात थेओफिलचा हात भाजला होता. सेवेरिनाचं चाक आम्हीच केलं, तिने आणि मी. ती कढई ढवळायची, मी जाळ बघायचो. कढईतलं घट्ट झालेलं दही कापताना हसायला लागली, का ते सांगेचना. उन्हाळा संपल्यावर लग्न करायचं ठरलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं."

"मग?"

"मग शरद ऋतूत गावसभा भरली. कुरण वीजवाल्यांना द्यायचं की नाही. बायकांना तेव्हा मत नव्हतं, त्या बाहेर उभ्या. सेवेरिना खिडकीशी. मी तिला आदल्या दिवशी शब्द दिला होता, माझा हात खाली राहील. आणि सभेत बापाने नुसतं माझ्याकडे बघितलं. आजूबाजूला सगळे हात वर गेलेले. माझाही गेला."

"तुझ्या एका हाताने काय झालं असतं, काका? ठराव झालाच असता."

"झालाच असता! तेच तर!" तो एकदम ओरडला, आणि समोरच्या कड्याने त्याचा आवाज परत पाठवला. "काही फरक पडणार नव्हता. फुकट शब्द पाळता आला असता मला. ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती, ओलिवा. मग निघून गेली. परत बोलली नाही. मीही गेलो नाही तिच्या दारात. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत पाण्याखाली गेलं सगळं."

अख्ख्या नोकरीत तिने चोरांकडून कबुलीजबाब घेतले होते. त्यातला एकही ऐकताना तिला रडू आलं नव्हतं.

"खायला नेलंस का हे?"

"छे. वेडी आहेस का? तिचं चीज एकट्याने खाऊ?" त्याने चाकावर तळहात ठेवला. "उद्या तुम्ही ते कापणार, खाणार, आणि संपलं. तीही संपली, हे कुरणही संपलं. मला वाटलं, इथे आणून ठेवावं. महिन्याभरात पाणी चढेल. जिथलं होतं तिथे राहील. काल आणलं, ठेववेना. परत घरी नेलं, आज पुन्हा आणलं. सकाळपासून बसलोय. अजून ठेववत नाही."

"कारण ठेवलंस तर ती तशीच राहील. जिचं चीज कोणी खाल्लं नाही अशी. न गेलेली."

मैनराडने मान खाली घातली.

"मला तिला जाऊ द्यायचं नाहीये गं," तो म्हणाला. "ती बोलत नव्हती, पण होती. पलीकडच्या उतारावर गवत कापताना दिसायची. तेवढ्यावर मी जगलो."

ओलिवाने उठून चौकटीचे पट्टे त्याच्या खांद्यांवर चढवले. "चल. ज्याने केलं त्यानेच कापायचं असतं, आपल्याकडे अशीच रीत आहे ना?"

"ओथमार मला उंबऱ्यात उभं करणार नाही."

"ते माझ्याकडे लागलं," ती म्हणाली. पण मनातून तिलाही खात्री नव्हती.

६

ओथमार खरंच उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"चोराला आईच्या मयताला जेवायला बसवू?"

ओलिवाने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तळ्याचं, कढईचं, सभेचं. ओथमार ऐकत राहिला. त्याच्या आईने हे त्याला कधीच सांगितलं नव्हतं. शेवटी त्याने अंगणातल्या बाकावर येऊन बसलेल्या थेओफिलला एवढंच विचारलं, "ते चाक तुम्ही केलं होतं की यांनी?"

"त्या दोघांनी," थेओफिल म्हणाला. "माझा हात फडक्यात गुंडाळलेला. दारात बसून नुसता ओरडत होतो त्यांच्यावर. लक्ष कुठे होतं त्यांचं!"

ओथमारने दार सोडलं.

बुधवारी सेवेरिनाला माती दिली, आणि गाव लांब टेबलांभोवती येऊन बसलं. राय धान्याचा काळा पाव, वाळवलेलं मांस, पांढरी वाइन. मधोमध ते चाक, लाकडासारखं कठीण. ओथमारने सुरी मैनराडच्या हातात दिली. कुजबुज झाली, पण आडेलिनाने एकेकाकडे असं काही बघितलं की ती जागच्या जागी विझली. मैनराडची सुरी सरळ गेली.

पापुद्र्याएवढे पातळ तुकडे ओथमारने स्वतः वाढले. मयताचं चीज कोणी आपल्या हाताने घेत नाही, घरच्याने द्यावं लागतं. ओलिवाने तुकडा जिभेवर ठेवला. आधी नुसतं मीठ आणि धूर. मग फार सावकाश, काहीतरी हिरवं. रानातल्या ओव्यासारखं, उन्हात तापलेल्या गवतासारखं. तिने डोळे मिटले. चिखलात जे काल दिसलं नव्हतं ते आता पुरेपूर तिच्या तोंडात होतं. समोर तरणी पोरं बसली होती, धरणानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. तीही चावायची थांबून एकमेकांकडे बघत होती.

सगळ्यांत शेवटी ओथमार मैनराडपाशी पोचला. ताटलीत एकच तुकडा उरला होता.

"घ्या," ओथमार म्हणाला. "आईकडून."

मैनराडने तो तोंडात ठेवला.

शेवटचा घास गिळला जाईपर्यंत मयताच्या जेवणावरून कोणी उठत नाही. लोक थांबले. मैनराड समोर बघत बसून होता, ओठ मिटलेले, जबडा न हलवता. पेले रिकामे झाले. बाहेर पाटाच्या राखणदाराने पाणी अडवणारी फळी उचलली असावी, उतारावरून पाण्याचा पहिला खळखळाट ऐकू आला. तरी त्याच्या गळ्याची घाटी हलेना. कोणी खाकरलं नाही, कोणी घाई केली नाही. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

थेओफिलने टेबलावरून हात लांब करून त्याच्या मनगटावर ठेवला.

"मैनराड," तो म्हणाला, "गिळ रे बाबा आता. जाऊ दे तिला."

मैनराडने मान डोलावली. मग डोळे मिटून त्याने गिळलं, आणि लोक हळूहळू उठू लागले.